पाटीवरचा आकडा आणि सकाळचा चढ

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अगदी ठामपणे म्हणालास, "आई, माझं ठरलंय. मुख्य वाटेपासून अर्ध्या किलोमीटरच्या पुढे असलेल्या निवाऱ्याकडे मी वळणारच नाही. दिवसभर चालून झाल्यावर वर हे फुकटचं चालणं कशाला?" मी नुसतं हो हो केलं, कारण मागे तुझे मित्र हसताना ऐकू येत होते आणि त्यांच्यासमोर आईची शिकवणी तुला नको झाली असती. पण फोन ठेवल्यापासून तुझा तो अर्धा किलोमीटर माझ्या डोक्यात घोळतोय. म्हणून हे पत्र. पार्सलमध्येच घालतेय, म्हणजे निघायच्या आधी हातात पडेल.

नियम केलास हे चांगलंच केलंस. संध्याकाळी पाय बोलायला लागले की डोकं ऐकत नाही. तेव्हा सकाळच्या ताज्या डोक्याने ठरवलेलं काहीतरी हाताशी असावं. फक्त तू मोजतोयस ते चुकीचं.

निवारे वाटेपासून आत का असतात, याचा कधी विचार केलास? बहुतेक वेळा पाण्यासाठी. लांब पल्ल्याच्या वाटा बरेचदा डोंगराच्या धारेवरून जातात आणि पाणी असतं खाली घळीत. मग निवारा पाण्याजवळ, म्हणजे खाली. पाटीवर मात्र नुसतं आडवं अंतर लिहिलेलं असतं. उतरून किती जायचं, ते पाटी सांगत नाही. संध्याकाळी तू गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर मजेत खाली जातोस आणि बिल सकाळी येतं. तेही आखडलेल्या पायांना, दवाने भिजून जड झालेल्या तंबूसकट आणि नुकत्याच भरलेल्या बाटल्यांसकट.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला होता, तो अजून चालतो. सपाटीला ताशी साधारण 5 किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास वाढवायचा. हा धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेवरचा हिशेब, सॅक जड असेल तर याहून जास्तच. आता तुझा नियम यात घालून बघ. एक निवारा 400 मीटर आत आहे, पण 120 मीटर खाली. परतताना चालण्याची 5 मिनिटं आणि चढाची 12, झाली 17. दुसरा दीड किलोमीटर आत, पण अख्खी वाट सपाट. तिथून परतायला 18. तुझ्या नियमाने पहिला चालतो आणि दुसरा बाद होतो. फरक एका मिनिटाचा!

म्हणून नकाशावर फाट्यापासून निवाऱ्यापर्यंत किती कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ओलांडतोयस ते बोटाने मोज. दोन रेषांमध्ये उंचीचे 20 मीटर असतील आणि सहा रेषा आल्या, तर 120 मीटरची उतरण. हे काम फाट्यावर उभं राहून करायचं नाही, आदल्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पडल्या पडल्या करायचं. पाटीसमोर उभा दमलेला माणूस स्वतःला काहीही पटवून देऊ शकतो.

आणि निवारा टाळलास की तुझी मिनिटं वाचतात, पण पाणी वाचत नाही. रात्रीच्या स्वयंपाकाला, प्यायला आणि सकाळी पुढच्या झऱ्यापर्यंत जायला मिळून तीनेक लिटर म्हणजे तीन किलो. ते आधीच्या ओढ्यापासून पाठीवर आणावे लागतील. कधी ते परवडतं. मला स्वतःला तर ओढ्यावर पाणी भरून, तिथेच जेवून घेऊन मग तासभर पुढे जाऊन खिंडीच्या अलीकडे तंबू टाकणं फार आवडायचं. पण ते जमतं कुठे, तर जिथे कुठेही तंबू टाकायला परवानगी आहे तिथेच. बऱ्याच राखीव जंगलांत ठरवून दिलेल्या जागीच मुक्काम करावा लागतो. तिथे मग सकाळचा चढ निमूटपणे चढायचा, कुरकुर नाही.

निवारा आहे म्हणजे जागा आहे असंही समजू नकोस. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची, तिच्यावर अडीचशेहून जास्त निवारे आहेत. बहुतेक तीन भिंतींचे आणि चौथ्या बाजूला उघडे. मुख्य वाटेला झाडांवर पांढरे पट्टे आणि निवाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाणाऱ्या फाट्यांना निळे, इतकी चोख सोय. पण आत जागा मिळणार ती आधी येईल त्याला. तेव्हा "निवारे आहेत ना, मग तंबू कशाला" हे जे तू हळूच बोलून गेलास, ते मी ऐकलंय. तंबू न्यायचा.

आता माझी खरी काळजी. आखलेल्या फाट्याने दोन किलोमीटर आत गेलास तरी मी निर्धास्त झोपेन. मला धास्ती आहे ती वाट नसलेल्या शंभर मीटरची.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. आम्हाला उशीर झाला होता आणि निवारा अजून तासभर लांब. झाडांमधून मला एक सपाट जागा दिसली, वाटेपासून दीडशे पावलं असेल नसेल. बाबा म्हणाले, पुढे जाऊ. मीच अडून बसले. जागा खरंच सुरेख होती, पानांची गादीच. रात्री मला उठावं लागलं. चपला घातल्या, टॉर्च घेतला, वीसेक पावलं गेले. परत वळले तर तंबू नाही. टॉर्चच्या उजेडात फक्त खोडं, एकसारखी, जिकडे फिरवावा तिकडे. मला वाटलं मी सरळ परत आले, म्हणून अजून दहा पावलं टाकली. मग बाजूला दहा. तिसऱ्यांदा दहा पावलं टाकायच्या बेतात होते आणि तळपायाखालची जमीन उताराला लागलेली जाणवली. आमची जागा तर सपाट होती. तेव्हा कुठे भानावर आले. तिथेच बसले, टॉर्च बंद केला. थंडी वाजत होती, अंगात फक्त झोपायचे कपडे. काही वेळाने डावीकडून, मी जाणार होते त्याच्या बरोबर उलट्या दिशेने, ओळखीचं घोरणं आलं. मधे श्वास अडकून थांबणारं आणि मग दुप्पट जोराने सुरू होणारं. त्या आवाजाच्या रोखाने गेले. त्या दिवसापासून मी तुझ्या बाबांच्या घोरण्याला नाव ठेवलेलं नाही, तुला आठवत असेल तर सांग.

याला लोक चकवा म्हणतात. 2009 मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगांनी तो झाकला की गोल फिरून आपल्याच मार्गावर परत आली, आणि त्यांना ते कळलंही नाही. भूत नको नि पिशाच्च नको, नुसता अंधार पुरतो.

पायवाट ही रेघ आहे आणि तंबू हा ठिपका. तंबूतून वाटेकडे जाताना दिशा थोडी चुकली तरी रेघ कुठे ना कुठे आडवी येतेच. ठिपका मात्र दहा पावलांवरून निसटतो. म्हणून मुख्य वाट सोडताना होकायंत्रावर दिशा बघून वहीत लिही आणि दर थोड्या पावलांनी मागे वळून बघ, कारण परतताना तेच झाड वेगळं दिसतं. फोनमध्ये जागेची खूण कर, जरूर कर, पण फोन तंबूत ठेवून बाहेर पडशील तर त्या खुणेचा उपयोग तंबूलाच.

2013 च्या जुलैमध्ये त्याच अ‍ॅपलाचियन वाटेवर मेन राज्यात 66 वर्षांच्या एक बाई लघवीसाठी वाट सोडून आत गेल्या. शेकडो किलोमीटर चाललेल्या, अनुभवी. परतीची वाट सापडली नाही. मेसेज पाठवायचा प्रयत्न केला, रेंज नव्हती. मोठा शोध झाला. त्या तीन आठवड्यांहून जास्त जिवंत होत्या, हे त्यांच्या वहीवरून नंतर कळलं. त्यांचा तंबू आणि अवशेष ऑक्टोबर 2015 मध्ये मिळाले, वाटेपासून तीन किलोमीटरच्या आतच. हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये. बरं, थोडं घाबरवायलाच लिहितेय.

वाट न सोडता वाटेतच झोप, असं मात्र मी म्हणत नाही. पाण्यापासून आणि पायवाटेपासून 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं, दूर राहावं हा जंगलातला संकेत आहे आणि तो योग्यच आहे. पण तेवढं पुरे. त्याहून आत जायला तुझ्याकडे दिसणारं काही कारण हवं. डोक्यावर वाळकी फांदी लटकतेय, धारेवर वीज चमकतेय, किंवा जागा अगदी घळीच्या तळाशी आहे. रात्री थंड हवा तळात साचते, थोडं वर चढलास तरी ऊब कळते. "आत जरा शांत वाटतंय" हे कारण नव्हे. दीडशे पावलं आत मी त्याच कारणाने गेले होते.

वेळेचं एक सांगते आणि थांबते. हात पूर्ण लांब करून चार बोटं आडवी धर, क्षितिज आणि सूर्याच्या मधे. चार बोटं मावली तर सूर्य मावळायला साधारण तास आहे. पण समोर डोंगर असेल तर तो डोंगरच तुझं क्षितिज, आणि घळीत धारेपेक्षा आधीच अंधारतं. चार बोटं उरली की मुक्काम कुठे ते पक्कं झालेलं असलं पाहिजे, मग पुढचा निवारा कितीही चांगला ऐकलेला असो.

पार्सलमध्ये तंबूला बांधायची दोरी आहे, टॉर्चचा उजेड पडला की चमकणारी. चार तुकडे केलेत, टोकं जाळून बंद केलीत, गाठ तेवढी तूच मार. तू बाबांसारखा घोरत नाहीस, म्हणून ही पाठवावी लागतेय.

तुझी,
आई