सूचना: नव्या जलवाहिनीच्या खर्चातील आपला वाटा

सर्व सभासदांनी, विशेषतः कोपऱ्यावरच्या भूखंडधारकांनी, कृपया वाचावे.

जलवाहिनी वाढवायची तर पालिका काही वेळा कर्ज किंवा कर्जरोखे काढून खर्च आधी उचलते आणि ज्यांच्या दारावरून वाहिनी जाते त्यांच्याकडून काही भाग वसूल करते. वाटणी कशावर, ते आधी विचारा: रस्त्याकडच्या दर्शनी लांबीवर, क्षेत्रफळावर की दर भूखंडामागे सारखी? लांबीवर असेल तर कोपऱ्यावरच्यांना दोन्ही बाजूंचा भार पडू शकतो. सवलतीचा नियम आहे का, ते पाहा. पुढच्या वस्तीसाठी मोठ्या व्यासाची वाहिनी टाकत असतील, तर वाढीव व्यासाचा खर्च आपल्या माथी येऊ नये. माझ्या मते भांडण्याजोगा मुद्दा हाच.

मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची नळजोडणी बहुधा वेगळ्या खर्चाने होते, ती या रकमेत धरू नका. हप्ते मिळतात का, व्याज किती, घर विकल्यास बाकी कोणाकडे जाते, हे लेखी विचारा. उशिरा जोडणी घेणाऱ्यांचे पैसे आधी भरणाऱ्यांना परत मिळण्याची तरतूद काही ठिकाणी असते, तीही विचारा.

वाटणीवर हरकत असेल तर ती पालिकेच्या सुनावणीआधी लेखी द्या आणि पोच घ्या.