पट्टीने ओढलेल्या रेषा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पणजीतल्या एका अमूर्त चित्रप्रदर्शनाची ओळख आली होती. त्यावर एका वाचकांचे पत्र छापून आले: चार चौकोन आणि पट्टीने ओढलेल्या रेषा, हे तर शाळेतले पोरही काढील. पट्टीने रेषा ओढणे आणि ओढायला शिकवणे हाच माझा जन्माचा धंदा (मी तांत्रिक शाळेत ड्रॉईंग शिकवीत असे), म्हणून थोडे लिहितो.

पट्टी हाती असली की रेषा सरळ येते, इथपर्यंत त्यांचे खरे आहे. पण एकीशेजारी एक अशा रेषा कागदभर ओढून बघाव्यात. पेन कुठे क्षणभर जास्त टेकले, शाई कधी संपत आली, हाताचा दाब कुठे वाढला, सगळे उमटते. मधली एक रेषा केसभर सरकली तर पुढच्या साऱ्या तिचा बोभाटा करतात. माणसाच्या चित्रात चूक झाकायला पदर असतो, झाड असते, सावली असते. इथे काही नसते.

चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांनी ही जोखीम आपणहून घेतली. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूट या कलाकेंद्रात त्यांना अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. (गायतोंडे मूळचे गोव्याचे म्हणून आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, चित्रे किती जणांनी पाहिली, ते विचारू नये.) १९७२ पासून नसरीन बडोद्याच्या कला महाविद्यालयात शिकवीत. त्या काळात रंग गेला, कॅनव्हास गेला. उरले कागद, पेन्सिल, शाई आणि आम्हा ड्राफ्ट्समनचीच हत्यारे. आमच्या रेषेला शेवटी कुठली तरी भिंत किंवा नटबोल्ट व्हायचे असते. त्यांच्या तिरक्या रेषा दाट होत जातात, मग विरळ, आणि कागदाचा मोठा भाग कोराच राहतो. ती कोरी जागा उरलेली नसते, राखलेली असते. पुढे स्नायूंवरचा ताबा सुटत गेला, त्या आजारातही त्यांनी रेषेची शिस्त ढळू दिली नाही.

अमेरिकेतल्या चित्रकार अॅग्नेस मार्टिन यांची रीत वेगळी. सहा फूट बाय सहा फुटांचा चौरस कॅनव्हास आणि त्यावर पेन्सिलीने आखलेली जाळी. कापडाच्या विणीवरून पेन्सिल अडखळत जाते, आणि ते अडखळणे त्या तसेच राहू देत. दुरून नुसते धुके दिसते. हात चाललेला कळतो तो जवळ गेल्यावरच.

अशा चित्रांची बाजू घेताना आपल्याकडे काहीजण कावी कलेचा दाखला देतात. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरचा तांबडा थर खरवडून काढलेली, कंपासने आखलेली ती वर्तुळे मलाही प्रिय आहेत. पण दाखला पटत नाही. कावीची नक्षी देवळाच्या भिंतीसाठी असते. तिला चौकट, वेलबुट्टी, देवता यांची सोबत असते. नसरीनच्या रेषेला असा शेजार नाही. तिला परंपरेच्या गोतावळ्यात बसवले की नीट बघण्याची तसदी वाचते, एवढेच.

त्या वाचकांवर मात्र मी सगळा दोष टाकणार नाही. त्यांनी ते चित्र बहुधा आपल्याच अंकात पाहिले असणार, आगपेटीएवढे. छपाईत पेन्सिलीचा दाब जातो, कागदाचा पोत जातो, विणीवरचे अडखळणे जाते. मग चौकोनच राहणार. तेव्हा यापुढे अशा चित्राखाली लांबी-रुंदी आणि माध्यम तरी छापावे, आणि जमल्यास त्याचा एखादा कोपरा मूळ आकारात. जागा अपुरी पडत असेल तर लेखातली ‘तरल’ आणि ‘गूढ’ ही दोन विशेषणे गाळावीत.

आपला,
एक निवृत्त ड्रॉईंग शिक्षक, फोंडा