छाती दाबत राहिलेल्या त्या दोघांचे आभार
जिन्याच्या पायथ्याशी काका कोसळले आणि त्यांचा श्वास थांबला. रुग्णवाहिका पोहोचायला 18 मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यांची छाती दाबत राहिलेल्या त्या दोन अनोळखी व्यक्तींचे मनापासून आभार.

मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे काम माणसाला पार दमवून टाकतं. मिनिटा-दोन मिनिटांतच दाब उथळ होऊ लागतात आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. त्या दोघांनी अगदी तेच केलं. दादा मोठ्यानं आकडे मोजत होते, ताई समोर गुडघे टेकून आधीच तयार. ‘बदला’ म्हणताच एकाचे हात उचलले की दुसऱ्याचे टेकलेच. कोपरं ताठ, खांदे थेट हातांच्या वर, म्हणजे जोर दंडांचा नाही, अंगाच्या वजनाचा. दमल्यावर हीच ठेवण टिकवणं सगळ्यात कठीण.

ताईंच्या मनगटांवरून घाम ओघळत होता. तरी त्या दादांना म्हणत होत्या, “थोडंच राहिलंय, पुढची पाळी माझी.”

रुग्णवाहिकेतल्या लोकांनी ताबा घेतला तेव्हा दोघांचेही हात थरथरत होते. नावं विचारायची राहूनच गेली. काका घरी आलेत. ताई, दादा, तुमचे खूप खूप आभार.