मनूस, रविवारच्या फोननंतर

प्रिय मनू,

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवलास, त्याचा राग नाही. आवाज आधी मीच चढवला होता. नोकरी सोडून भुताच्या गोष्टी लिहिणार म्हणालीस, पण या पत्रात नोकरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं ठरवून बसलेय.

"त्या आर. एल. स्टाइनचं बघ," म्हणालीस, तो मुलांसाठी भीतीच्या गोष्टी लिहिणारा अमेरिकन लेखक. बघितलं. तीन रात्री तेच वाचत होते. बाबा म्हणाले, आता तूही भुतांच्या नादी लागलीस!

ओहायोतल्या कोलंबसचा, १९४३ चा जन्म. नऊ वर्षांचा असताना माळ्यावर टाइपरायटर सापडला आणि पोरगं खोलीबाहेर येईना. आईवडील म्हणायचे, बाहेर जा, खेळ जरा. तो म्हणतो, आयुष्यात मिळालेला सगळ्यात वाईट सल्ला. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. बाबांच्या ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांची तुझी वही, गोधडीत बॅटरी धरून लिहायचीस. मोरीतल्या बाईची गोष्ट सांगून पिंट्याला दोन रात्री जागवलंस, काकूनं मला काय काय ऐकवलं! मग मी ती वही कपाटात टाकली. परीक्षेपुरती, म्हटलं होतं. परीक्षा झाली, तू मागितली नाहीस, मीही दिली नाही.

पण मनू, तू त्याची अर्धीच गोष्ट सांगितलीस. न्यूयॉर्कला येऊन तो वर्षानुवर्षं नोकरीच करत होता. मुलांचं विनोदी मासिक, 'बनानाज' नावाचं, सुमारे दहा वर्षं चालवलं. ते बंद झाल्यावर रंगवायची पुस्तकं, बबलगमच्या कार्डांवरचे विनोद, येईल ते लिहिलं. भुताखेतांचं नावही नाही. मग एका संपादिकेनं जेवताना 'ब्लाइंड डेट' एवढं नाव दिलं, यावर भीतीची कादंबरी लिही म्हणाली, तर गडी आधी पुस्तकांच्या दुकानात धावला, असली कादंबरी असते कशी ते बघायला! ती आली १९८६ साली, चाळिशी उलटल्यावर. मुलांच्या भयकथांची मालिका, 'गूसबम्प्स', १९९२ ची. तीही आधी दुकानांत पडून होती, मग पोरांनीच एकमेकांना सांगून उचलली. आता ४० कोटींहून जास्त प्रती. पण घरात बायको कमावती होती, स्वतः संपादक. आणि आपले रत्नाकर मतकरी? वीस वर्षं बँकेत! चेटकिणी, राक्षस सगळे बँक सांभाळून. तुला कोण सांभाळणार आहे? घरभाडं कोण...

बघ, आलेच तिथे. माफ कर. आबांची कंपनी बंद पडली ते वर्ष मी पाहिलंय गं. आई वाटीनं तांदळाच्या डब्याचा तळ खरवडायची, तो आवाज. तुझ्या कुठल्याच भुताला मी तेवढी घाबरत नाही.

स्टाइनच्या मुलानं म्हणे बापाचं एकही 'गूसबम्प्स' वाचलं नाही. मी तुझी लिफ्टची गोष्ट दोनदा वाचली, पहिल्यांदा दिवसाढवळ्या. शेवटी तो मुलगा दिसायला नको होता, नुसतं बटण पेटलं असतं तरी पुरे होतं. पण रात्री पॅसेजमधला दिवा मी चालूच ठेवला. बाबांना सांगू नकोस.

वही कुरियरनं पाठवतेय. मोरीतली बाई बाराव्या पानावर आहे. आणि बिनपगारी रजा मिळते का, तेवढं एकदा विचारशील? पगार एक तारखेला होतो ना? मग राजीनामा निदान दोन तारखेला...

तुझी,
आई