नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे जाहीर आभार

सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्गमार्गे निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरले. त्या धामधुमीत नळदुर्गची आमची नानी नातेवाइकांसोबत सोलापुरात आसऱ्याला आली, तर तिचे थोरले भाऊ काकांबरोबर कराचीला गेले. १९७१ च्या युद्धानंतर त्यांची पत्रेही थांबली.

यंदा दोघे व्हिडिओ कॉलवर भेटले. त्यांनी नळदुर्गच्याच दखनीत, बोरी नदी आणि किल्ल्यातील पाणीमहालाविषयी तासभर गप्पा मारल्या.

विजापूर वेशीतील ज्या वृद्ध गृहस्थांनी जुन्या पत्रांतील पुसट उर्दू अक्षरे भिंगाखाली धरून कराचीतील मोहल्ल्याचे नाव शोधून दिले आणि मानधन निक्षून नाकारले, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. त्या मोहल्ल्यात दारोदार चौकशी करणाऱ्या अनोळखी भगिनीचे ऋण तर त्याहून मोठे आहे, कारण सीमेपलीकडच्या कुटुंबाची विचारपूस करणे तिथे सोपे नसते, हे आम्ही जाणतो.

नानी नमाजानंतर आपणा दोघांसाठी दुआ मागते. वेशीतील चाचांनी येत्या ईदला आमच्या घरी जेवायला यावे, असा तिचा आग्रह आहे.