चि. ताईस, रायफलीवर दुर्बीण बसवण्याविषयी

अमळनेर,
मार्गशीर्ष पौर्णिमा

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की स्प्रिंगची एअर रायफल आली, दुर्बीणही आली, आत्याच्या मळ्यात तू ती संध्याकाळीच बसवलीस आणि तीस छर्रे उडवूनही दोन छर्रे एका जागी लागले नाहीत. प्रत्येक छर्ऱ्यानंतर तू दुर्बिणीची बटणे फिरवत गेलीस, आणि आता ती मुळात कुठे होती हेही सांगता येत नाही. फोनवर तू घाईत होतीस आणि मीही अर्धवट बोललो, म्हणून हे सविस्तर लिहितो. ही तुझी पहिली रायफल आहे आणि तुझ्या स्वतःच्या कमाईतून घेतलेली आहे. तिच्यावरचा तुझा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडावा असे मला वाटत नाही, कारण माझ्या मते दोष रायफलीचाही नाही आणि तुझ्या नेमाचाही नाही.

पाटाच्या मोजणीवर मी आयुष्यभर डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, वापरली. त्या यंत्रातही अशाच दोन रेषांची फुली असते आणि तिथेही सगळा भरवसा नजरेच्या एका सरळ रेषेवर असतो. कामाला सुरुवात करण्याआधी आम्ही दोन खुंट्या ठोकून यंत्रच तपासून घेत असू, कारण यंत्राची रेषा कललेली असेल तर पुढची सगळी वाचने चुकतात आणि मोजणाऱ्याला मात्र जमिनीलाच चढ आहे असे वाटत राहते. तुझे नेमके तेच झाले आहे. दुर्बीण पक्की बसली आहे की नाही हे ठरण्याआधी तू तिच्यातून कागदाचा निकाल लावायला बसलीस.

तेव्हा पहिले काम म्हणजे दुर्बीण पूर्ण काढ. दोन्ही बटणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवून एकूण किती क्लिक होतात ते मोज आणि त्याच्या निम्म्यावर आणून ठेव. शेवटाला जोर लावू नकोस. एवढे केलेस की परवाच्या तीस छर्ऱ्यांचा घोळ पुसला गेला असे समज.

दुर्बिणीच्या खोक्यावर ती स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी चालते असे लिहिले आहे का, ते आधी पाहा. याचे कारण समजून घे. मोठ्या काडतुसाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने, मागे येतो. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढल्यावर दट्ट्या जोरात पुढे धावतो तेव्हा रायफल मागे सरकते, आणि दट्ट्या पुढच्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा तीच रायफल उलट पुढे झटका खाते. हा दुहेरी हिसका साध्या दुर्बिणीच्या आतल्या भिंगांना सहन होत नाही. ती जागची हलतात आणि मग कितीही झिरो केले, म्हणजे फुली जिथे तिथेच छर्रा लागेल अशी बटणे जुळवली, तरी ते टिकत नाही. खोक्यावर तसे लिहिले नसेल तर दुर्बीण परत कर. पैशाचा विचार करू नकोस.

तोच हिसका दुर्बिणीला खाचेतून मागे ढकलत असतो. रायफलीच्या पाठीवर जी ११ मिलिमीटरची डवटेल, म्हणजे तिरक्या कडांची, खाच आहे, ती स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून काढ, कारण कारखान्यातून आलेल्या तेलाचा थर तिच्यावर असतो आणि तेलावर पकड बसत नाही. खाचेच्या मागच्या बाजूला एक लहान भोक असेल. माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारी पकड, तिच्या खालची पिन त्या भोकात उतरली पाहिजे. ती वर अडकून राहिली तर माउंट घट्ट वाटतो, पण प्रत्येक छर्ऱ्याबरोबर केसभर मागे जातो. परवा तू बसवलेला माउंट मागे सरकला होता का, हे खाचेवर धातू घासल्याची चमकदार रेघ दिसते का यावरून लगेच कळेल. माझा अंदाज आहे की ती रेघ तुला दिसेल. यापुढे माउंटच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण करून ठेव, म्हणजे शंका आली की आधी तिथे पाहता येईल.

आता माउंटच्या रिंगांच्या, म्हणजे दुर्बिणीची नळी आवळून धरणाऱ्या कड्यांच्या, स्क्रूविषयी, कारण इथे मी स्वतः चूक केली आहे. तुझ्या जन्माआधी एका स्नेह्याच्या रायफलीवर मी दुर्बीण बसवून दिली होती. सरकू नये म्हणून मी ॲलन कीची लांब बाजू हातात धरून, सगळा जोर लावून एकेक स्क्रू शेवटपर्यंत पिळत गेलो. दुर्बिणीची नळी ॲल्युमिनियमची असते हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. रिंगा काढल्या तेव्हा नळीवर अंगठीचा उठावा तसा वळ उठलेला होता आणि उभे बटण आतून अडकून बसले होते. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून तू ॲलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धर, चारही स्क्रू आधी नुसते टेकव, मग समोरासमोरचे तिरके जोड घेत प्रत्येकाला पाव-पाव फेरा देत जा, आणि रिंगेच्या वरच्या व खालच्या अर्ध्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहते आहे हे बघत राहा. बोटांच्या जोराने थांबले की थांब.

मात्र शेवटचे आवळण्याआधी दोन गोष्टी बघायच्या आहेत. पहिली म्हणजे डोळ्याचे अंतर. रायफल खांद्याला लाव, डोळे मिटून गाल दस्त्यावर सहज टेकव आणि मग डोळे उघड. कडेला काळी कोर न दिसता पूर्ण गोल चित्र दिसले पाहिजे. बहुतेक दुर्बिणींत हे अंतर तीन ते चार इंच असते. सकाळी शहाद्याकडे थंडी असते आणि तू जाड स्वेटर घालून नेम धरशील, तेव्हा हे अंतर स्वेटर घालूनच ठरव.

दुसरी म्हणजे फुलीची उभी रेष खरोखर उभी असणे. यासाठी गवंड्याचा ओळंबा लागतो, दुसरे काही लागत नाही. मळ्यातल्या निंबाच्या फांदीला वारा नसताना ओळंबा टांग, दहा पावलांवर रायफल पिशव्यांवर सरळ ठेव आणि दुर्बिणीतून त्या दोरीकडे बघत नळी रिंगांत हळूहळू फिरव, जोवर उभी रेष दोरीत मिसळून दिसेनाशी होत नाही. रायफल स्वतः कललेली नाही ना, हे ज्याला या कामाची नजर आहे अशा कोणाला तरी मागून बघायला सांग. आत्याकडे येणारा सुतार चालेल. रेष तिरकी राहिली तर उभे बटण फिरवल्यावर छर्रा वर जाता जाता बाजूलाही जातो, आणि मग दोन्ही बटणांचा पाठशिवणीचा खेळ सुरू होतो.

झिरो करायची जागा निवडताना मला तुझी काळजी वाटते ती नव्या विहिरीच्या ढिगाऱ्याची. तो ढिगारा सोयीचा दिसतो, पण त्यात मुरूम आणि दगड आहेत, आणि दगडावर आपटलेला छर्रा तुझ्याच दिशेने परत येऊ शकतो. चाळलेल्या मातीने गच्च भरलेल्या दोन गोण्या एकावर एक रच आणि पुठ्ठा त्यांच्यासमोर लाव. डोळ्यांवर चष्मा हवाच. तोंड उत्तरेला, सातपुड्याकडे ठेव, म्हणजे हिवाळ्यातले ऊन पाठीशी राहील. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. पलीकडच्या शेतात बाया वाकून वेचत असतात आणि झाडांच्या वर त्यांचे डोकेही दिसत नाही. चुकलेला छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो. तेव्हा आधी स्वतः चालत जाऊन पलीकडे कोणी नाही हे पाहून ये, हाक मारून विचारू नकोस. पाखरांकडे बॅरल वळवायचे नाही हे तुला सांगण्याची गरज नाही. १९७२ चा वन्यजीव कायदाही तेच सांगतो. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, तरी खरेदीची पावती रायफलीच्या पिशवीतच ठेव, प्रवासात कोणी विचारले तर दाखवता येईल.

सुरुवात १० मीटरवरून कर. मोठ्या पुठ्ठ्यावर एकच ठिपका काढ. पहिले दहा-पंधरा छर्रे मोजायचे नाहीत. नव्या रायफलीत आतले तेल जळते, थोडा धूरही दिसतो आणि तोवर वेग सारखा राहत नाही. त्यानंतर पाच छर्रे एकाच ठिपक्यावर, मधे बटणाला हात न लावता मार. छर्रे एकाच डब्यातले हवेत. पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले तर दुर्बीण पक्की आहे आणि तुझा हातही स्थिर आहे, मग तो ग्रुप, म्हणजे पाच छर्ऱ्यांचा पुंजका, ठिपक्यापासून कितीही दूर असो. पाच छर्रे पाच दिशांना गेले तर बटणे फिरवण्यात अर्थ नाही. माउंट, स्क्रू आणि तुझी पकड पुन्हा बघ. स्प्रिंगची रायफल आवळून धरली किंवा थेट टेबलावर टेकवली की ती दर वेळी वेगळी उसळते. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकव, तळहात पिशवीवर ठेव, आणि तिला तिचा हिसका मोकळेपणाने देऊ दे.

ग्रुप जमला की हिशेब सोपा आहे. तुझ्या दुर्बिणीचा एक क्लिक कोनाच्या पाव मिनिटाचा आहे (एका अंशाची साठ मिनिटे). १० मीटरवर तो छर्ऱ्याला सुमारे ०.७३ मिलिमीटर हलवतो आणि २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर. ग्रुपचा मध्य पट्टीने मोज. समज, १० मीटरवर तो २२ मिलिमीटर खाली आणि १५ मिलिमीटर डावीकडे आहे, तर ३० क्लिक वर आणि २० क्लिक उजवीकडे. बटणावरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो. फिरवल्यावर दोन छर्रे सोडून दे आणि पुन्हा पाच मोज. उभे बटण वरच्या टोकाला पोहोचूनही छर्रे खालीच लागत असतील, तर घाबरू नकोस. छर्रा भरण्यासाठी मधून मोडणाऱ्या रायफलींचे बॅरल बहुधा किंचित खाली झुकलेले असते. मागच्या रिंगेत जुन्या फोटोच्या निगेटिव्हची एक पट्टी घातली की काम होते. अशा निगेटिव्हचे एक पाकीट तुझ्या आईच्या पेटीत आहे, त्यातली चार मी काढून ठेवली आहेत.

मग २५ मीटरवर जा आणि शेवटचे झिरो तिथेच कर. दुर्बीण बॅरलच्या वर चार सेंटिमीटर बसलेली असते, त्यामुळे छर्रा खालून निघून नजरेची रेष एकदा वर जाताना आणि एकदा उतरताना, अशी दोनदा कापतो. २५ ला झिरो केल्यावर ५ मीटरवर छर्रा ठिपक्याच्या खाली लागेल आणि मधल्या अंतरावर थोडा वर. तो बिघाड नाही. डोके किंचित हलवल्यावर फुली ठिपक्यावरून सरकताना दिसली तर पुढच्या भिंगाची कडी त्या अंतरावर आण. लेव्हलवर आम्ही हेच करत असू, आधी डोळ्याकडचे भिंग फुलीसाठी, मग फोकस स्टाफसाठी, म्हणजे समोरच्या उभ्या मापपट्टीसाठी.

तू विचारले होतेस की दुर्बिणीची सवय लागली तर पुढे स्पर्धेत अडचण होईल का. १० मीटर एअर रायफलीच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, तिथे मागे नेम धरायला बारीक छिद्राची साइट असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकले ते तशाच साइटने, आणि राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरवर ४५१.४ गुण घेऊन कांस्य आणले तेही दुर्बिणीशिवाय. पण श्वास, चाप आणि पाच छर्ऱ्यांवरून निर्णय घेणे हे दोन्हीकडे एकच आहे, म्हणून तुझा वेळ वाया जाणार नाही.

छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नकोस. रिकामी रायफल कधी झाडू नकोस, समोर छर्रा नसला की दट्ट्याचा सील फुटू शकतो. छर्रा भरताना मोडलेले बॅरल एका हाताने घट्ट धरून ठेव.

माझे जुने लेव्हल बुक, ओळंबा आणि निगेटिव्हच्या पट्ट्या गुरुवारी एसटीने येणाऱ्या मामांबरोबर पाठवत आहे. बुकातली कोरी पाने तुझी आहेत. तारीख, अंतर, छर्ऱ्याचा डबा आणि क्लिक लिहीत जा. १० मीटरवरच्या पहिल्या पाच छर्ऱ्यांचा पुठ्ठा, कसाही आला असला तरी, फेकू नकोस. त्याच्या मागे अंतर लिही आणि मामांच्याच हाती परत पाठव.

तुझे,
आबा