डिस्क दोन आहेत, पण दोन्ही चालू आहेत का?

मा. संपादक,

पतसंस्था, दवाखाने, सीएंची कार्यालये यांना सर्व्हर विकताना ‘मिररिंग आहे, डेटा जाणार नाही’ असे बिनदिक्कत सांगितले जाते. मिररिंगमध्ये, म्हणजे रेड-१ (RAID 1) या पद्धतीत, प्रत्येक नोंद दोन्ही हार्ड डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी काम अडत नाही, हे खरे. पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने, एन्क्रिप्ट केलेली फाइलही दोन्हीकडे तशीच उमटते.

काम अडत नाही, यातच खरी मेख आहे. एक डिस्क बंद पडल्याचे कोणाला कळतच नाही आणि सर्व्हर महिनोन् महिने एकाच डिस्कवर चालतो. म्हणून बिघाडाची सूचना ई-मेलने येते का, हे बसवतानाच पाहावे. लिनक्सवर मिररिंग सांभाळणाऱ्या एमडीएडीएम (mdadm) या प्रोग्राममध्ये चाचणीचा मेल पाठवण्याची सोय आहे. ती क्वचितच कोणी वापरतो.

दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नयेत. वय आणि ताण सारखाच, त्यामुळे पाठोपाठ जाण्याची भीती असते. बदललेल्या डिस्कवर ४ टीबी डेटा उतरायला सेकंदाला १५० एमबी वेगानेही सुमारे साडेसात तास लागतात आणि तेवढा वेळ उरलेली एकटी डिस्क अखंड वाचली जाते. एरवी न वाचलेल्या भागातले खराब सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) नेमके तेव्हा उघडे पडतात. महिन्यातून एकदा पूर्ण तपासणी, म्हणजे स्क्रबिंग, लावली तर ते आधीच सापडतात.

पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा रिकामी सोडावी. बदली डिस्क किंचितही लहान निघाली तर ती मिररमध्ये बसत नाही. बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, दोन्ही डिस्कवर हवा, नाहीतर पहिली गेल्यावर डेटा शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर ट्रेवर चिकटवावा. घाईत बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क उपसली जाते, हा प्रकार दुर्मीळ नाही.

बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो: एक्सटर्नल डिस्कवर, काम झाल्यावर केबल काढून, दुसऱ्या जागी ठेवलेला. त्यातल्या चार-दोन फाइल अधूनमधून परत उतरवून उघडून पाहाव्यात. विक्रेत्यांनीही बिघाडाची सूचना कोणत्या ई-मेल पत्त्यावर जाईल, ते बिलावरच लिहून द्यावे.

– संगणक देखभाल क्षेत्रातील एक वाचक, ठाणे